आधीं जमीन कीं आधीं आराखडा?

उताराची जागा घेतली म्हणजे पहिलें काम तिला सपाट करण्याचें, हा सिद्धान्त आमच्या मध्यमवर्गांत इतका रुळला आहे कीं, त्याची चर्चाही कोणी करीत नाहीं. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें दोन पिढ्या ब्लॉकांत काढलेलीं कुटुंबें टिटवाळा, बदलापूर, मुरबाड, शहापूर या बाजूंस एखादा भूखंड घेतात. तो पुष्कळदां टेकडीच्या अंगावर असतो. कारण सपाट भूखंड एक तर परवडत नाहीं, नाहीं तर भाताच्या खाचरांत असतो. खरेदीखत झालें कीं आठवड्याभरांत जेसीबी दाराशीं उभा राहतो, दोन दिवसांत उताराचा वरचा भाग कापून खालच्या भागावर लोटला जातो, आणि यजमान पाहुण्यांस अभिमानानें सांगतात, “पाहा, कसें मैदान करून घेतलें!” यानंतर मग आराखडा काढणाऱ्याला बोलावणें जातें. आमचें म्हणणें असें कीं, हा क्रम सर्वस्वीं उलटा आहे. त्या दोन दिवसांत घराच्या पुढच्या सर्व दुरुस्त्यांचा, आणि उताराखालीं राहणाऱ्या शेजाऱ्याच्या पावसाळ्यांतील झोपेचा, निकाल लागून गेलेला असतो.

हें मैदानाचें वेड आलें कोठून, हें पाहण्यासारखें आहे. ज्या ब्लॉकांत आपण वाढलों त्याला जमीनच नसते. तो तिसऱ्या कीं सातव्या मजल्यावर एका सपाट फरशीवर मांडलेला असतो. दार उघडलें कीं हॉल, त्यामागें स्वयंपाकघर, बाजूला बोळ आणि बोळाच्या दोन अंगांस दोन खोल्या. ही मांडणी त्या जागेपुरती निर्दोष असेल. परंतु माणसाला स्वतःचें घर बांधण्याचें भाग्य लाभलें, म्हणजे तो मनांत हाच ब्लॉक थोडा फुगवून टेकडीवर नेतो आणि मग टेकडीनें त्याच्यासाठीं फरशी व्हावें अशी अपेक्षा धरतो. आराखडा कागदावर असतो, कागद सपाट असतो, म्हणून जमीनही सपाट असली पाहिजे, असा हा न्याय आहे!

आतां थोडा हिशेब करूं. उतार आठांस एक, म्हणजे आठ फूट चाललें कीं एक फूट खालीं, असा धरूं. हा फार उभा उतार नव्हे. म्हातारें माणूसही तो काठी टेकीत चढून जाईल. अशा जागेवर साठ फूट लांब व पन्नास फूट खोल मैदान करावयाचें, तर मागच्या कडेला तीन फुटांहून अधिक खोल कापावें लागतें आणि पुढच्या कडेला तितकीच उंच भर घालावी लागते. सुमारें तेवीस ब्रास माती व मुरूम जागचा उठतो आणि तितकाच दुसरीकडे पडतो. पैशाच्या दृष्टीनें हें फारसें भयंकर नाहीं, आणि म्हणूनच लोक फसतात. खरा खर्च पुढें येतो. कापलेल्या भागाखालीं हजारों वर्षें दबून बसलेली जमीन असते. भरावाखालीं कालपरवां सैल टाकलेली माती असते. त्या दोहोंवर एकच घर उभें केलें कीं त्याचे मागचे पाय खडकावर आणि पुढचे पाय गादीवर! भराव चांगला थरांथरांनीं ठोकून बसविला नसेल, आणि तो बहुधा नसतोच, तर दोन-तीन पावसाळ्यांत पुढची बाजू खचते व खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. मग रंगारी येतो, लांबी भरतो, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां येतो.

याहून मोठी गोष्ट पाण्याची. आपल्या या भागांत वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. टेकडीवर पडलेलें पाणी कांहीं वरून वाहतें, कांहीं मुरूमांतून झिरपत खालच्या काळ्या पाषाणावर येतें आणि त्या पाषाणाच्या पाठीवरून हळूहळू उतरतें. उतार कापला कीं ही झिरपण उघडी पडते. भराव घातला कीं तिची वाट बुजते. भरावापुढें दगडाची वा काँक्रीटची संरक्षक भिंत बांधली म्हणजे काम भागलें असें ठेकेदार सांगतो. परंतु ती भिंत मातीच्या रेट्यापेक्षां साचलेल्या पाण्याच्या रेट्यानेंच अधिक वेळां पडते; तिच्यांत पाणी निघून जाण्यासाठीं भोकें आणि मागें दगडगोट्यांचा भराव ठेवावा लागतो, ही गोष्ट कित्येक भिंतींना पडल्यावरच कळते. कळव्याच्या घोलाईनगरांत १९ जुलै २०२१ रोजीं दरड घरावर येऊन एकाच कुटुंबांतील पांच जण दगावले. तीं माणसें हौसेनें डोंगराच्या पायथ्याशीं राहात नव्हतीं. ठाण्यांत त्यांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती. त्यांच्या घराला आराखडा नव्हता म्हणून त्यांना बोल लावणें हा निर्लज्जपणा होईल. परंतु ज्यांना भूखंड निवडतां येतो, आर्किटेक्टला फी देतां येते आणि जेसीबी भाड्यानें आणतां येतो, त्यांनीं वरच्या बाजूला टेकडी फोडून आपलें पाणी खालच्या वस्तीवर सोडावें, याला क्षमा नाहीं. सरकारनें २०२० च्या एकत्रित विकास नियमावलींत पांचांस एक किंवा त्याहून उभ्या उतारावर बांधणें, कापणें, भरणें वर्ज्य ठरविलें आहे. तो नियम आहे तो ठीकच आहे. परंतु त्यावरून आठांस एक उतारावर वाटेल तसें कापावें असा अर्थ काढणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत.

येथें दुसरा एक पक्ष पुढें येतो, तो वास्तुसल्लागारांचा. त्यांच्या मतें जमिनीचा उतार पूर्वेला किंवा उत्तरेला असावा. पश्चिमेला असल्यास लक्ष्मी टिकत नाहीं, आणि दोष घालविण्यासाठीं पश्चिमेकडे भराव घालून ती बाजू उंच करावी. या न्यायानें येऊरच्या डोंगराचें पूर्वेकडील अंग भाग्यवान ठरतें आणि खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगराचें ठाण्याकडे पाहणारें अंग करंटें ठरतें. दगड मात्र दोन्हीकडे तोच काळा. बरें, ज्या प्राचीन ग्रंथांचा आधार हे देतात ते तरी काय सांगतात? वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत उत्तरेचा उतार ब्राह्मणास, पूर्वेचा क्षत्रियास, दक्षिणेचा वैश्यास आणि पश्चिमेचा शूद्रास इष्ट म्हटला आहे. म्हणजे पश्चिमेचा उतार अशुभ असें तेथें नाहीं. तेथें आहे ती जातवार वांटणी. ही वांटणी आज उघडपणें सांगण्याची छाती कोणा सल्लागाराला नाहीं, म्हणून त्यानें तिचा सोयीचा अर्धा भाग ठेवला आणि गैरसोयीचा अर्धा गाळला. त्याच ग्रंथांत एक खड्डा खणून त्यांत पाणी भरावें, शंभर पावलें जाऊन परत यावें आणि पाणी किती उणें झालें तें पाहावें, अशी जमिनीची परीक्षा सांगितली आहे. ही परीक्षा आजही उपयोगी पडेल! परंतु ती करण्यास कुदळ लागते. दिशा सांगण्यास नुसतें होकायंत्र पुरतें.

खरें पाहतां मराठी घराला पायरी कधींच परकी नव्हती. कोंकणांतलें जुनें घर आठवावें. अंगणांतून पायऱ्या चढून पडवींत, पडवींतून आणखी चढून ओटीवर, मग उंबरठा ओलांडून माजघरांत. मागें उतार असला तर मागच्या पडवीचें जोतें निराळें, आणि घरामागें गडगा व चर. एकाच छपराखालीं जमिनीच्या तीन-चार उंच्या सहज नांदत, आणि कोणाला त्यांत अडचण वाटत नसे. त्या पायऱ्यांनीं कोणीं कोठवर यावें हेंही ठरे, आणि तो भाग गेला हें उत्तमच झालें. परंतु तो गेला म्हणून पायरीही जावी असें नाहीं. डोंबिवलीच्या आजीबाई ओटीच्या आठवणीनें गहिंवरतात, आणि सूनबाई त्याच उतारावर दोनशें फूट लांबीची संरक्षक भिंत बांधतात, हा प्रकार चमत्कारिक आहे.

तर मग करावें काय? वर धरलेल्या उतारावरच आमची मांडणी सांगतों. घर उताराच्या तोंडाशीं उभें न धरतां उताराला आडवें, म्हणजे समोच्च रेषेबरोबर लांब, धरावें. पन्नास फूट लांब आणि चोवीस फूट खोल असें घर घेतलें, तर त्याच्या पुढच्या-मागच्या भिंतींत उंचीचा फरक केवळ तीन फूट. तेंच घर फिरवून उभें धरलें तर फरक सव्वासहा फूट. आतां त्या चोवीस फुटांचे बारा-बारा फुटांचे दोन पट्टे करावे आणि मधल्या भिंतीशीं दीड फुटाचा, तीन पायऱ्यांचा, फरक ठेवावा. प्रत्येक पट्ट्याला मागें नऊ इंच कापणें आणि पुढें नऊ इंच भरणें एवढ्यानें काम होतें. घराखालची खोदाई सव्वादोन ब्रासांच्या आंत येते. अंगणाला एखादा बुटका बांध आणखी घातला तरी तेवीस ब्रासांशीं त्याची तुलना नाहीं. पाया सगळीकडे मूळच्या जमिनींत जातो, हा लाभ तर पैशांत मोजण्यासारखाच नाहीं.

रस्ता वरच्या बाजूला असेल तर वरच्या पट्ट्यांत ओटी, बैठक, स्वयंपाकघर आणि वडील मंडळींची खोली त्यांच्या न्हाणीघरासह एका पातळीवर ठेवावी. खालच्या पट्ट्यांत तरुणांच्या झोपण्याच्या खोल्या, अभ्यासाची जागा आणि दरीकडे तोंड केलेली पडवी. रस्ता खालून असेल तर हेंच उलटें करावें, आणि डोंगराकडच्या भिंतीला खोल्या चिकटवूं नयेत. तेथें कोठी, कपाटें, जिना जावा, आणि भिंत व कापलेली माती यांत तीन फूट रुंद उघडा चर राहावा, म्हणजे ओल घरांत शिरत नाहीं. मोऱ्या व न्हाणीघरें शक्य तों घराच्या टोकांना, म्हणजे सांडपाणी उताराच्या बळावर आपोआप जाईल. सेप्टिक टँक व शोषखड्डा घराखालच्या अंगाला, विहीर वा विंधणविहीर वरच्या अंगाला. हें सांगावें लागतें याचेंच आश्चर्य आहे, परंतु ज्यानें आधीं मैदान केलें त्याला वर-खाल उरतच नाहीं, म्हणून तो चुकतो.

या मांडणीवर सर्वांत सबळ आक्षेप गुडघ्यांचा आहे, आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. सत्तरी उलटलेल्या आईला रात्रीं उठून तीन पायऱ्या उतराव्या लागल्या, तर तें घर तिच्यासाठीं सापळा होईल. म्हणूनच वर म्हटलें कीं, तिची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, बैठक आणि बाहेरचें दार हीं पांचही एका पातळीवर असलीं पाहिजेत. पायऱ्यांपलीकडे जें असेल त्यावांचून तिचा दिवस अडतां कामा नये. ही अट दोन पट्ट्यांच्या घरांत बिनतक्रार पुरी होते. उलट मैदान करून बांधलेल्या घरांत काय होतें? घर सपाट, पण रस्त्यापासून दारापर्यंत सहा-सात फुटांचा जिना! भराव जितका उंच तितक्या बाहेरच्या पायऱ्या अधिक, आणि त्या उघड्या, पावसांत निसरड्या. गुडघ्यांचा कैवार घेणाऱ्यांनीं या जिन्याचा हिशेब आजवर आम्हांस दिलेला नाहीं.

ही कल्पना आमचीच आहे असें मुळींच नाहीं. अडोल्फ लोस यानें प्राग शहरांतील एका उतारावर १९३० मध्यें पुरें केलेल्या म्युलर यांच्या घरांत बैठक, भोजनगृह, बायकांची बसण्याची खोली यांच्या पातळ्या व उंच्या निरनिराळ्या ठेविल्या आणि त्यांना लहान लहान जिन्यांनीं जोडलें. तो खोल्या मजल्यावर मांडीत नसे, अवकाशांत मांडी. लॉरी बेकर यांनीं तिरुवनंतपुरमला खडकाळ उतारावर आपलें स्वतःचें घर वाढवीत नेलें, तें टेकडी फोडून नव्हे, तिच्या पायऱ्यापायऱ्यांनीं. लोसचें घर धनिकाचें होतें हें खरें. बेकरचें मात्र काटकसरीचें होतें, आणि आमच्या वाचकांस तोच दाखला जवळचा वाटावा.

तेव्हां जेसीबीवाल्याला फोन करण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. मोजणीदाराकडून भूखंडाचा एक-एक फुटाच्या समोच्च रेषांचा नकाशा काढून घ्यावा, आणि जुलै महिन्यांत, भर पावसांत, छत्री घेऊन त्या जागेवर दोन तास उभें राहावें. पाणी कोठून येतें, कोठें थांबतें, कोणाच्या कुंपणांत जातें, हें कोणत्याही कागदावर नसतें. मग आर्किटेक्टकडे जावें, आणि त्यानें पहिल्या भेटींत खोल्यांचा आराखडा पुढें सरकवला तर तो बाजूला ठेवून विचारावें, “या घराचा उभा छेद कोठें आहे?”