पांढरीला राखणदार कोण?

गंगाखेडला गोदास्नानासाठी येणारा भाविक संत जनाबाईंपुढे माथा टेकवूनच परततो. पण जनाबाईंच्याही दोन सहस्र वर्षांहून अधिक आधी गोदेच्या खोऱ्यात शेतकरी स्थिरावला होता, याचे स्मरण कितींना असते? वर पैठणनजीक, ज्ञानेश्वर माउलींच्या आपेगावी, १९७६ साली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली.

भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावने (ता. शिरूर) तर या समाजाचा संसारच उलगडून दाखविला. १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन चालले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शंभरावर घरे, गावाला तट आणि खंदक, पुराचे पाणी वळविणारा पाट, जवाची शेती, प्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार! दगावलेली अर्भके कुंभात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरलेली. पुढे पर्जन्यमान घटले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर गाव उठले, अशी डॉ. म. के. ढवळीकरांची मांडणी आहे. अवर्षणाशी झुंजणाऱ्या मराठवाड्याने तरी ती वाचलीच पाहिजे.

मंदिराचा एखादा चिरा हलला तरी गाव जागे होते, आणि ते व्हावेच. पांढरीच्या टेकाडाच्या वाट्याला मात्र हे भाग्य नाही. राखेमुळे कसदार झालेली तिची माती शेतात पसरली जाते, नाहीतर वीटभट्टीवर जाते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित क्षेत्राभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई झाली. परंतु ज्या टेकाडाचे नावच संरक्षित यादीत नाही, त्याला या शंभर मीटरांचा काय उपयोग?

ही यादी दिल्लीहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जुनी पांढर कोठे आहे, हे गावातील वृद्धांना ठाऊक असते. ग्रामसभेने तिची नोंद करावी, शाळेतील शिक्षकांनी वर पडलेली रंगीत खापरे ओळखण्यास मुलांना शिकवावे आणि गौण खनिजाचा परवाना देण्यापूर्वी तहसीलदारांनी ती नोंद पाहावी. यास मोठा निधी लागत नाही. तूर्त तरी जेसीबीच्या दात्याला असा एखादा अस्थिकुंभ लागला, तर चालकाच्या दृष्टीने ते फुटके मडकेच असते.