चूल एकच

सप्टेंबरातल्या एका सकाळी आई आणि मी लिंकनशरमध्ये दादाच्या परसात खुर्च्या टाकून घराची वाट बघत बसलो होतो. पाहुण्यांची, एसटीची, पावसाची वाट आम्ही जन्मभर बघितली, घराची पहिल्यांदाच.

दादाचं घर अस्सल विलायती. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, निजायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर, मधे उभा जिना. त्या जिन्यापुढे गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी हात टेकले. खाली खोली काढायची तर गवंड्याचा आकडा ऐकूनच दादा गप्प बसला. मग वहिनीने तोड काढली, स्केगनेसच्या किनाऱ्यावरची एक जुनी स्टॅटिक कॅरॅव्हॅन. तिकडच्या हॉलिडे पार्कांत या गाड्या, म्हणजे घरं, ओळीने उभी असतात. बऱ्याच पार्कांत त्यांना वयाची अट असते. ती उलटली की मालकाने आपलं चंबूगबाळं उचलायचं. त्यामुळे जुनी कॅरॅव्हॅन स्वस्तात मिळते. ती हलवायचा खर्च निघाला की स्वस्ताईचा अर्थ कळतो.

स्टॅटिक म्हणजे जागची न हलणारी, आणि कायद्यात तिचा सगळा जीव हलण्यात. १९६० च्या कायद्याप्रमाणे, माणसाला राहता येईल आणि ओढून किंवा वाहनावर घालून नेता येईल ती कॅरॅव्हॅन. इंग्लंडात तिची लांबी २० मीटर आणि रुंदी ६.८ मीटरच्या आत हवी. एवढं सांभाळलं तर ती इमारत धरत नाहीत. हौसेने विटांच्या जोत्यावर पक्की चिणलीत, तर फसलात.

पुढचा प्रश्न वापराचा, आणि दादाने कौन्सिलला पाठवलेले कागद वाचताना मला हसू आवरेना. आपल्याच आवारात घरच्या माणसांची जादा खोली म्हणून वापरली, तर सहसा परवानगी लागत नाही. तिथे स्वतंत्र संसार मांडला, तर लागते. आत ओटा आणि न्हाणीघर आहे, एवढ्यावरून ते वेगळं घर ठरत नाही, असा अटल्सफर्ड कौन्सिलच्या एका खटल्यात निकाल लागलेला आहे. बघायचं ते माणसं राहतात कशी. म्हणून दादाने लिहून दिलं होतं : आई जेवणार घरात, तिचे कपडे घरातल्या मशीनमध्ये, तिची पत्रं घराच्या पत्त्यावर. चांगली दोन पानं. आमच्या आजीने एवढंच विचारलं असतं, ‘चूल वेगळी केलीत का रे?’

आमची कॅरॅव्हॅन ३५ फूट लांब, १२ फूट रुंद. तिला चाकं असतात, पण ती पार्कातल्या पार्कात सरकवायला. रस्त्यावर ती लो-लोडरच्या पाठीवर बसून येते. २.९ मीटरहून रुंद बोजा न्यायचा तर पोलिसांना कामाचे पूर्ण दोन दिवस आधी कळवायचं. साडेतीन मीटरच्या वर गेलं की ड्रायव्हरच्या जोडीला आणखी एक माणूस. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणजे जोडीदार आलाच.

हे सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते दारात. दादाने फाटक तीनदा मोजलं होतं. गल्लीचं वळण मोजायचं राहिलं. मग मागच्या शेतातून आणायचं ठरलं, तर शेतात गहू उभा. बरं, शेताच्या आणि परसाच्या मधलं काटेरी कुंपण तोडावं, तर त्यात ब्लॅकबर्डचं घरटं, आणि नांदतं घरटं मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा. म्हणजे आधी पिल्लं उडणार, मग गहू निघणार, मग आईचं घर येणार. तोवर आई बैठकीतल्या सोफ्यावर. तिची तक्रार नव्हती. उलट हा क्रम तिला फार पटला होता.

अखेर शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर गव्हाच्या सडांवरून उलटा येताना दिसला, आणि त्याच्यामागे डुलत डुलत घर. आदल्या रात्री पाऊस झालेला. परसात शिरताच डावं चाक चिकणमातीत बसलं. मग प्लायवूडच्या फळ्या आल्या. पुढे टाकायच्या, घर हातभर पुढे, मागच्या उपसून परत पुढे. स्केगनेसहून यायला लागला नाही तेवढा वेळ या चाळीस पावलांना लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आधीच्या बाईचं फडकं खिळ्याला तसंच लटकलेलं, दर हिसक्याला हलत होतं.

खाली फरशा, त्यांवर जॅक. दादा पाणसळ घेऊन चारी कोपऱ्यांत रांगला. आईने तरी वाटीत पाणी घेऊन ती ओट्यावर ठेवून पाहिली.

शेवटी गॅस. ४७ किलोचा सिलिंडर, आपल्या १४.२ किलोवाल्याचा थोरला भाऊ, आणि रंगानेही तसाच लाल. आत प्रोपेन, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं बंद होतं आणि इथल्या थंडीत शेगडी रुसते. गॅसवाला तपासून, सही करून गेला, तशी आई घरातून दुधाचं पातेलं घेऊन आली.

“आई, हे काय?”

“नव्या घरात दूध उतू घालायला नको?”

“अगं, हे घर नाही. खोली आहे. मी लिहून दिलंय तसं.”

“बरं, मग खोलीत घालते.”

तिने शेगडी पेटवली. दूध चढायला लागलं, तसा दादा खिडकीशी गेला आणि आधीच्या बाईचं फडकं काचेवर ओढून धरलं.