चर्चचे अंगण गाड्यांसाठी की गड्यांसाठी?

वसईतल्या चर्चच्या आवारात एखादा नवा खेळ मांडावा असे कोणी सुचवले, की पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास पुढे येतात. गाड्या कुठे लावायच्या? आणि पावित्र्याचे काय? आश्चर्य असे, की हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच तोंडून येतात. गाड्यांनी आवार भरले तर पावित्र्याला धक्का लागत नाही. पोरे धावली की मात्र लागतो!

आम्ही सुचवतो आहोत तो खेळ चकतीच्या गोल्फचा. नाव ऐकून श्रीमंतांच्या हिरवळी डोळ्यांपुढे आणू नयेत. हातात वीतभर रुंदीची प्लॅस्टिकची चकती घ्यायची, ठरलेल्या जागेवरून भिरकावायची, पडेल तिथून पुन्हा भिरकावायची आणि शेवटी खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांच्यावर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. कमी फेकींत सगळ्या टोपल्या पूर्ण करील तो जिंकला. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे एड हेड्रिक यांनी 1975 साली आखलेले मैदान ह्या खेळाचे पहिले कायमचे मैदान मानले जाते. आज फिनलंडसारख्या लहान देशात अशी शेकडो मैदाने आहेत आणि अमेरिकेत कित्येक चर्चनी आपल्या आवारात छोटी मैदाने करून ती आसपासच्या लोकांना खुली केली आहेत.

आम्हाला हा खेळ भावला तो झाडांमुळे. क्रिकेटला सपाट जागा लागते, म्हणजे वाटेतला आंबा गेलाच पाहिजे. इथे आंबा हवा असतो. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली चकती वेग ओसरताना डावीकडे वळते. तेव्हा चिंचेच्या उजवीकडून ती कशी न्यावी, की दोन माडांच्या मधून सरळच काढावी, ह्या विचारातच सगळी गंमत आहे. जमीन उंचसखल असली तर अधिकच बरे. रोलर फिरवायला नको, कुंपण नको, पाणी मारायला नको. आमच्या जुन्या आवारांत जे शिल्लक आहे, विहीर, बांध, माड, चाफा, तेच ह्या खेळाचे साहित्य.

आणि ते शिल्लक किती राहिले आहे? आवार ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून आम्ही पेव्हर ब्लॉक बसवले. झाडाच्या बुंध्याला सिमेंटचे कडे घातले. पाऊस जिरायचा तिथून तो रस्त्यावर वाहू लागला. 2018 च्या जुलैत वसई कित्येक दिवस पाण्यात होती, तेव्हा आम्ही सर्वांना दोष दिला, स्वतःच्या अंगणाकडे मात्र पाहिले नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले, तेव्हा टँकरच्या उपशाविरुद्ध आणि बिल्डरांविरुद्ध घोषणा देणारे आम्हीच होतो. 25 जुलै 2024 रोजी फादर गेले. त्यांच्या फोटोला हार घालून परतताना आमच्या पायांखाली काँक्रीट होते, ह्याची खंत कोणी बोलून दाखवली नाही.

आता पावित्र्याचा आक्षेप. तो आम्ही हलका मानत नाही. पवित्र स्थळी उपासनेशी विसंगत असे काही होऊ नये, हे ख्रिस्तसभेच्या कायद्यातील 1210 वे कलम सांगतेच. म्हणून दफनभूमी वर्ज्य, ग्रोटो वर्ज्य, मिस्साच्या वेळी खेळ बंद. पण खेळच विसंगत, हे कोणी ठरवले? संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये विनोद आणि खेळ यांना सद्‌गुणाच्या कक्षेत बसवले, इतकेच नव्हे, तर ज्याला खेळ मुळीच सोसत नाही त्याच्यात दोष आहे, असेही म्हटले. संत जॉन बॉस्को यांनी तुरिनमध्ये पोरे गोळा केली ती अंगणात खेळू देऊनच. 2018 च्या जूनमध्ये व्हॅटिकनने क्रीडेवर एक स्वतंत्र दस्तऐवजच काढला. आमच्या कौन्सिलची धार्मिकता ह्या सर्वांहून कडक असेल, तर प्रश्नच मिटला.

खेळ परका आहे, असाही एक सूर लागेल. क्रिकेट काय निर्मळच्या तळ्याकाठी जन्मले? आमच्या लग्नातला ब्रास बँड कोणत्या वाडीत पिकला?

अधिक गंभीर गोष्ट निराळीच आहे. आवारात आज जो खेळ होतो तो स्पर्धांचा: अकरा-अकरा तरणे गडी, लाउडस्पीकर, चषक. त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. पण मुली, आया, धर्मशिक्षणाच्या वर्गातली बुटकी पोरे आणि निवृत्त आजोबा कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. चकतीच्या खेळात संघ जमवावा लागत नाही. आजोबा आपल्या फेकी मोजतील, नात आपल्या मोजील. तरुणाची चकती लांब जाईल हे खरे. परंतु टोपली पंधरा पावलांवर आली की दंडातल्या जोराचा उपयोग संपतो.

धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. ही चकती समुद्रकिनाऱ्यावरच्या खेळण्याहून जड असते आणि लांब पल्ल्याच्या चकतीची कड चांगलीच लागते. म्हणून छोट्या आवारात बोथट कडेचीच चकती वापरावी, फेकीची दिशा पायवाटेला आणि चर्चच्या काचांना पाठ करून आखावी. टोपल्या परदेशातून मागवण्याचे कारण नाही. खांब, कडे आणि साखळी जोडणे गावातल्या वेल्डिंगवाल्याला सहज जमेल. हॉलच्या भाड्यातून एवढा खर्च निघू नये?

पाऊस सरल्यावर एखाद्या धर्मग्रामाने तीन टोपल्या उभ्या कराव्यात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत हा प्रयोग चालवावा, एवढेच आमचे मागणे आहे. पहिली टोपली विहिरीपलीकडच्या चिंचेखाली असावी. तिथे गाड्या लागतात त्या फक्त रविवारी; उरलेले सहा दिवस ती जागा रिकामीच असते.