राखेतील पावले

दानिएलाच्या ग्रंथातील चौदावा अध्याय आमच्या वाचकांनी ऐकला असेल. बेल दैवतापुढील नैवेद्य रातोरात नाहीसा होई आणि देवच तो भक्षण करतो, असे पुजारी राजास सांगत. दानिएलाने देवळात राख चाळून पसरविली व राजाच्या मुद्रेने दार बंद करविले. सकाळी मोहोर शाबूत होती. परंतु राखेत पुरुषांची, स्त्रियांची व मुलांची पावले उमटली होती. कपट उघडे पडले.

पोटापाण्यासाठी खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे जेथे राहतात, त्या सुरत शहरी गुजरात सरकारची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिचे काम दानिएलाच्याच जातीचे. पोलिसांचे पुडके आले की प्रथम मोहोर शाबूत आहे की नाही, हे पाहावयाचे. मग एकेका प्रश्नाचा शोध. डाग रक्ताचा आहे काय, आणि असल्यास माणसाचा की जनावराचा? मृताच्या जठरात विष आहे काय? दस्तऐवजावरील सही खरी आहे काय? दारूबंदीच्या त्या राज्यात पकडलेल्या बाटलीत प्राणघातक मिथेनॉल तर नाही? २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीस आग लागून २२ विद्यार्थी दगावले. अशा वेळी आगीचे मूळ जळक्या अवशेषांतून शोधणे, हेही या शास्त्राचेच काम.

अमुक मनुष्य अपराधी आहे, असे मात्र प्रयोगशाळा कधी म्हणत नाही. तो निर्णय न्यायासनाचा. जो अहवाल अपराध्यास गुंतवितो, तसलाच अहवाल गावाने आधीच दोषी ठरविलेल्या निरपराध गड्याला किंवा सुनेला सोडवितो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे ठरविले आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण तज्ज्ञ पोहोचण्यापूर्वीच घरच्यांनी जमीन सारवली असेल, तर त्याने काय शोधावे?

आपल्या घरांतून हेच घडते. संशयास्पद मृत्यू झाला की अब्रूच्या धास्तीने पेला घासला जातो, अंथरूण जाळले जाते आणि दफनाची घाई होते. म्हणून आमची विनंती अशी : जीव असेल तर प्रथम दवाखाना गाठावा, आणि औषधाची बाटली सोबत न्यावी. जीव गेला असेल तर कशासही हात न लावता पोलिसांस कळवावे. एखाद्या लेकीवर अत्याचार झाला असेल, तर तिला दोष न देता मायेने धीर द्यावा. शक्य तर वैद्यकीय तपासणीपूर्वी स्नान घालू नये, आणि कपडे न धुता कागदात गुंडाळून द्यावेत. स्नान झाले असले तरी तपासणी टाळू नये.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. ती साक्ष जिभेनेच दिली जाते, असे आपण समजतो. पुरावा धुऊन टाकणारा हातही तीच साक्ष देत असतो. राखेत उमटलेली पावले आपल्या हातांनी पुसली जाऊ नयेत, एवढे तरी आपण सांभाळू या.