पॅकेजच्या रांगेत उभी केलेली लॉ कॉलेजे

मंडळी, गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे. माझ्या धाकट्या भावाची नात बारावी झाली. तिला वकिलीला जायचे आहे. विषय तसा आनंदाचा, पण पुतण्याने इंटरनेटवरून एक यादी छापून आणली आणि आनंदात मिठाचा खडा पडला. यादीचे नाव होते ‘महाराष्ट्रातील सर्वोत्तम लॉ कॉलेजे’. पहिल्या रकान्यात कॉलेजचे नाव, दुसऱ्यात सर्वांत मोठे पॅकेज. शिक्षक कोण, ग्रंथालय कसे, फी किती, यांतले काहीही नाही. मी म्हटले, “अरे, ही कॉलेजांची यादी आहे की बैलबाजाराची?” तेव्हापासून पुतण्या माझ्याशी जरा कमीच बोलतो. म्हणून आता जे सांगायचे ते इथेच सांगते. हे तो वाचतो, मला ठाऊक आहे.

वादाचे मूळ असे. यादीत वर असलेल्या एका खाजगी संस्थेत तिला जागा मिळते आहे. फी वर्षाला काही लाख, वर वसतिगृह, आणि असे पाच वर्षे. त्यासाठी अर्धे कर्ज काढायचे आणि उरलेल्यासाठी विहिरीजवळचा तुकडा विकायचा, असा बेत आहे. उलट राज्याच्या सीईटीतल्या गुणांवर कोल्हापूरला शहाजी लॉ कॉलेजात तिला सहज प्रवेश मिळेल, कदाचित पुण्याच्या आयएलएसलाही. पण ‘ती नावे यादीत खाली आहेत.’

आता या राज्यातली कॉलेजे जरा शांतपणे पाहू. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ सालचे. टिळक तिथून एलएल.बी. झाले, १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. फी आजही काही हजारांतच आहे. पुण्याचे आयएलएस १९२४ चे. सातारचे गजेंद्रगडकर आणि पुढे यशवंतराव चंद्रचूड, असे दोन सरन्यायाधीश तिथून शिकून गेले. सिम्बायोसिसचे लॉ कॉलेज १९७७ चे. मग २०१४ च्या कायद्याने आपल्या राज्याने राष्ट्रीय विधि विद्यापीठे काढायचे ठरवले. मुंबईचे २०१५ ला सुरू झाले, नागपूरचे २०१६ ला आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरचे २०१७ ला. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी कॉलेजे आहेतच. इतक्या वेगवेगळ्या वयाच्या, पैशाच्या आणि उद्देशांच्या संस्था एका फूटपट्टीने मोजायच्या, आणि फूटपट्टी कसली तर मोठ्या कंपनीने एका मुलाला दिलेल्या पगाराची! वर्गातल्या एका मुलाला शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून सगळा वर्ग हुशार, असे मी कधी प्रगतिपुस्तकात लिहिले असते तर मुख्याध्यापकांनी मला घरी बसवले असते.

सरकारी क्रमवारी तरी बरी का? तीत अध्यापन, संशोधन असे रकाने आहेत, हे मान्य. पण ‘लोकांच्या मनातली प्रतिमा’ हाही एक रकाना आहे, आणि जी संस्था स्वतःहून माहिती पाठवते तिचीच तुलना होते. ज्याने पेपरच दिला नाही तो नापास, असे आपण म्हणतो का?

दुसरी गोष्ट भाषेची. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा फक्त इंग्रजीत होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, तेही लांबलचक उताऱ्यांवर. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तिथे राखीव जागा आहेत हे खरे, पण त्या जागेपर्यंत जायचे दार इंग्रजीचेच. राज्याची सीईटी मराठीतही देता येते. वकिलीची सनद कायम ठेवण्यासाठीची बार कौन्सिलची परीक्षासुद्धा मराठीत देता येते. म्हणजे वकील होऊन बाहेर पडताना मराठी चालते, आत शिरताना चालत नाही! माझ्या शाळेतल्या कितीतरी मुली या दारावरूनच परत फिरल्या असतील.

आणि वकिली करायची कुठे? जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. आमच्या जमिनीचा दावा चालू होता तेव्हाची गोष्ट. आमचे वकील आजारी पडले म्हणून त्यांच्या जागी एक तरुण वकील आले. इंग्रजी फर्डे, कोट कडक इस्त्रीचा. भावाने जुना फेरफार पुढे केला तर म्हणाले, “याचे इंग्रजी भाषांतर नाही का?” पोटहिस्सा आणि वहिवाट यांतला फरक त्यांना माझ्या भावाने समजावला, त्याचे शिक्षण सातवी. तारीख पुढे गेली ती चार महिने. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला सातबारा कुणी कधी शिकवलाच नव्हता. त्याच्या कॉलेजचे पॅकेज मात्र उत्तम असणार.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल आत्या एकतर्फी बोलते. मोठ्या निवासी विद्यापीठांत ग्रंथालये चांगली असतात, अभिरूप न्यायालयांचा सराव कसून होतो, मुले देशभरातल्या मुलांत मिसळतात. आणि आपल्या जिल्ह्यांतल्या काही कॉलेजांत वर्ग ओस असतात. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते, ती कागदावर भरते. याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते. पण मग तुलना याचीच करा ना! वर्ग रोज भरतो का, शिकवणारे पूर्ण वेळ आहेत का, मुले कोर्टात नेली जातात का, मराठीत कैफियत लिहायला शिकवतात का, आणि फी भरून घरात काय उरते? हे पाच प्रश्न घेऊन कॉलेजच्या दारात एक दिवस उभे राहा. छापील यादीपेक्षा जास्त कळेल.

न्यायमूर्ती भूषण गवई मुंबईत मराठी माध्यमात शिकले, वकिलीचे शिक्षण अमरावतीत घेतले आणि २०२५ साली सरन्यायाधीश झाले. एका उदाहरणाने नियम होत नाही, हे मलाही कळते. पण यादीत खाली म्हणजे आयुष्यात खाली, हा नियम तर एका उदाहरणानेच खोटा ठरतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. या सगळ्या गदारोळात पोरीला कुणी विचारलेच नव्हते. परवा मी विचारले. म्हणाली, “आत्याआजी, मला न्यायाधीश व्हायचंय.” मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. नव्या वकिलाला पहिली तीन वर्षे काय मिळते, ते कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला विचारा. डोक्यावर लाखांचे कर्ज असलेली मुलगी ती तीन वर्षे काढू शकेल का? हप्ता तिला कंपनीच्या नोकरीत ओढून नेईल. म्हणजे न्यायाधीश होण्यासाठी जमीन विकायची आणि त्याच कर्जापायी न्यायाधीश व्हायचे राहून जायचे! कोल्हापूरला तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते आहे. आपल्या सांगलीसह सहा जिल्ह्यांचे खटले तिथे चालतात. शिकायला आणि उमेदवारी करायला याहून जवळची जागा कुठली?

तेव्हा बाबा रे, यादी चुलीत घाल. तुकडा विकू नकोस. पुस्तकांचा आणि खोलीच्या भाड्याचा खर्च माझ्या पेन्शनमधून मी देईन, हे इथे चारचौघांसमोर लिहून देते. रविवारी पोरीला घेऊन कोल्हापूरला आणि पुण्याला जाऊन ये म्हणणार होते, पण रविवारी वर्ग भरत नाहीत. सोमवारी जा. वर्गात कोण आहे ते बघ आणि मग माझ्याशी भांड.

असो. ज्यांच्या घरात कुणी वकिलीला आहे त्यांनी आपला अनुभव जरूर लिहा. पुतण्याच्या बाजूने लिहिलेत तरी चालेल.