विश्लेषण : ताशी ४ डॉलर मानधन घेणाऱ्या आजी-आजोबांना दरवर्षी खासदारांचं दार का ठोठावावं लागतं?

अमेरिकेतल्या हजारो शाळांमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आजी पहिली-दुसरीच्या मुलांना जवळ बसवून वाचायला शिकवतात. कुठे एखादे निवृत्त आजोबा एकट्या राहणाऱ्या ८५ वर्षांच्या शेजाऱ्याला गाडीतून डॉक्टरकडे नेतात, परत येताना त्याचं किराणा सामान घेऊन देतात. ही मंडळी सरकारी योजनेतले ज्येष्ठ स्वयंसेवक असतात. त्यातल्या काहींना ताशी ४ डॉलर मानधन मिळतं, बाकीच्यांना तेही नाही.

आणि दरवर्षी साधारण वसंत ऋतूत याच मंडळींना आणखी एक काम करावं लागतं. आपल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करायचा, पत्र लिहायचं, जमलं तर प्रत्यक्ष भेटायचं आणि सांगायचं, "आमच्या योजनेचे पैसे कापू नका."

ही योजना जवळपास ६० वर्षं जुनी आहे. तिच्यासाठी कायदा आहे, स्वतंत्र सरकारी संस्था आहे. मग दरवर्षी ही धडपड कशासाठी? समजून घेऊ.

योजना नेमकी काय आहे?

खरं तर या तीन योजना आहेत. आज त्या 'अमेरिकोर सीनियर्स' या एका नावाखाली चालतात. ५५ वर्षांवरील व्यक्तींना त्यात सहभागी होता येतं.

पहिली 'फॉस्टर ग्रँडपॅरेंट्स', म्हणजे मानलेले आजी-आजोबा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेचा भाग म्हणून ती १९६५ मध्ये सुरू झाली. यातले स्वयंसेवक शाळा, बालवाड्या आणि इतर संस्थांमध्ये जास्त मदतीची गरज असलेल्या मुलांसोबत काम करतात.

दुसरी 'सीनियर कम्पॅनियन'. यात ज्येष्ठच ज्येष्ठांना सोबत करतात. घरात अडकून पडलेल्या, आजारी किंवा एकट्या वृद्धांना आपल्याच घरात राहता यावं, हा तिचा उद्देश.

तिसरी 'आरएसव्हीपी', म्हणजे निवृत्त आणि ज्येष्ठ स्वयंसेवकांची योजना. ती १९७१ मध्ये सुरू झाली. घरपोच जेवण पोहोचवणं, आपत्तीत मदत करणं, गरजूंना कर विवरणपत्र भरून देणं अशी अनेक कामं तिच्यात येतात. यात मानधन नसतं. प्रवासखर्च आणि विमा यांसारखा आधार मिळू शकतो.

पहिल्या दोन योजनांमधलं मानधन कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी आहे. ताशी ४ डॉलर ही रक्कम अमेरिकेच्या ताशी ७.२५ डॉलर या केंद्रीय किमान वेतनापेक्षाही कमी आहे, कारण कायद्याच्या लेखी हा पगार नाहीच. आठवड्याला २० तास काम केलं, तर चार आठवड्यांचे ३२० डॉलर हातात येतात. या पैशामुळे त्या व्यक्तीची इतर सरकारी मदत कमी करता येत नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्यासाठी यातून औषधांचा किंवा विजेच्या बिलाचा खर्च निघू शकतो.

म्हणजे पैसे थांबले तर नुकसान दोन्हीकडे होतं. सोबत मिळणाऱ्या वृद्धाचं आणि सोबत करणाऱ्याचंही.

कायदा आहे, मग अडचण काय?

अमेरिकेत एखादी योजना चालायला दोन वेगवेगळ्या मंजुऱ्या लागतात. एक कायदा सांगतो, 'ही योजना असेल आणि ती अशी चालेल.' दुसरा कायदा सांगतो, 'या वर्षी तिला इतके पैसे मिळतील.' पहिला वर्षानुवर्षं टिकतो. दुसरा दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागतो, कारण १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं.

पहिल्या मंजुरीत जिंकून दुसऱ्या मंजुरीत हरता येतं. या योजनांच्या बाबतीत नेमकं तेच घडलं आहे.

२००९ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या नावाने 'सर्व्ह अमेरिका' कायदा झाला. सिनेटमध्ये त्याला ७९ विरुद्ध १९ मतं मिळाली. केनेडी डेमोक्रॅट होते आणि त्यांच्यासोबत विधेयक पुढे नेणारे ओरिन हॅच रिपब्लिकन. या कायद्याने मानधनाच्या दोन योजनांसाठी किमान वय ६० वरून ५५ वर आणलं. तेव्हाचं चित्र असं होतं की, स्वयंसेवेच्या बाजूने दोन्ही पक्ष एकत्र आले आहेत.

त्यानंतर दोन वर्षंही झाली नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रतिनिधीगृहाने खर्चाचं एक विधेयक २३५ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर केलं. त्यात या सगळ्या योजना चालवणाऱ्या संस्थेचा निधीच काढून टाकला होता. २००९ चा कायदा जागेवर होता, पण तो राबवायला पैसे ठेवले नव्हते.

२०११ मध्ये काय झालं?

'सेव्ह सर्व्हिस' नावाची मोहीम उभी राहिली. स्वयंसेवक, संस्थाचालक आणि लाभार्थी आपापल्या मतदारसंघातल्या खासदारांच्या कार्यालयांत पोहोचले. सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष बराक ओबामाही संस्था बंद करण्याच्या बाजूने नव्हते. एप्रिलमध्ये तडजोड झाली आणि संस्था वाचली.

पण तडजोडीची किंमत एका योजनेने मोजली. आरएसव्हीपीचा निधी सुमारे ६.३ कोटी डॉलरवरून सुमारे ५ कोटींवर आला. एका फटक्यात २० टक्के कपात. २०२४ मध्ये ही रक्कम ५.५१ कोटी डॉलर होती. म्हणजे महागाई बाजूला ठेवली, तरी १४ वर्षांनंतरही योजना २०१० च्या आकड्यापर्यंत परतलेली नव्हती.

याच काळात मानधनाच्या दोन्ही योजनांचा निधी मात्र वाढला. २०२४ मध्ये फॉस्टर ग्रँडपॅरेंट्सला सुमारे १२.५ कोटी आणि सीनियर कम्पॅनियनला सुमारे ५.६ कोटी डॉलर मिळाले. त्यातला काही भाग मानधनवाढीसाठी लागणारच होता. पण यातून एक गोष्ट कळते. ज्या योजनेत 'या आजींचे महिन्याचे ३२० डॉलर बंद होतील' असं बोट ठेवून दाखवता येतं, ती कापणं राजकारण्याला जड जातं. जिथे नुकसान हजारो लहान कामांत विखुरलेलं असतं, तिथे कात्री सहज चालते. म्हणूनच आकड्यांपेक्षा माणूस समोर आणणं, हा अशा मोहिमांचा गाभा झाला आहे.

खासदाराला भेटून खरंच फरक पडतो का?

भारतातल्या वाचकाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्याकडे पक्षाने व्हिप काढला की खासदाराला त्यानुसार मतदान करावं लागतं. व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे एकट्या खासदाराचं मन वळवून मतदानात फारसा फरक पडत नाही.

अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाचा दबाव तिथेही असतो, पण पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही. शिवाय प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते आणि ज्येष्ठांचं मतदानाचं प्रमाण तरुणांपेक्षा सातत्याने जास्त असतं. मतदारसंघातले पन्नास ज्येष्ठ एकाच आठवड्यात फोन करू लागले, तर कार्यालयाला त्याची नोंद घ्यावीच लागते.

खासदारांच्या कार्यालयांचा अभ्यास करणाऱ्या 'काँग्रेशनल मॅनेजमेंट फाउंडेशन' या संस्थेची पाहणी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते. सर्वाधिक परिणाम मतदाराच्या प्रत्यक्ष भेटीचा होतो. त्यानंतर स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या पत्राचा किंवा ईमेलचा. एकाच मजकुराचे हजारो ईमेल त्या तुलनेत कमी वजनाचे ठरतात. सोशल मीडियावरच्या मोहिमांसाठीही यात धडा आहे. हॅशटॅगमुळे विषय लोकांपर्यंत पोहोचतो, पण खासदाराला 'माझ्या मतदारसंघात हे कोणाला हवंय' याचं उत्तर लागतं.

मागणीही नेमकी असावी लागते. 'ज्येष्ठांना पाठिंबा द्या' असं म्हटलं की खासदार हसून मान डोलावतो आणि विषय संपतो. अनुभवी कार्यकर्ते ठोस गोष्ट मागतात. दर वसंतात काही खासदार या योजनांसाठी निधी मागणारं संयुक्त पत्र खर्च समितीला पाठवतात. 'त्या पत्रावर तुम्ही सही कराल का?' या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच असतं. आणि सही झाली की नाही, हे नंतर तपासताही येतं.

स्वयंसेवकांना हे करायची परवानगी आहे का?

इथे खरी गुंतागुंत आहे. योजनेची बाजू सगळ्यात चांगली मांडू शकतो तो तिथला स्वयंसेवक. पण स्वयंसेवक म्हणून काम करत असताना लॉबिंग करायला त्यालाच मनाई आहे. सरकारी अनुदानाचा पैसा कायदे मंजूर करवून घेण्यासाठी किंवा पाडण्यासाठी वापरू नये, हा नियम आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. उदाहरणार्थ, खासदाराने किंवा समितीने स्वतःहून माहिती मागितली, तर ती देता येते.

नागरिक म्हणून मात्र त्यांचा हक्क अबाधित राहतो. कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या फोनवरून खासदाराशी बोलता येतं. योजनेचा लोगो असलेला टी-शर्ट तेव्हा अंगात नसावा, ही काळजी घ्यायला सांगितलं जातं. धर्मादाय संस्थांनाही स्वतःच्या पैशातून मर्यादित प्रमाणात लॉबिंग करता येतं. त्यामुळे मोहीम चालवण्याचं काम मुख्यतः योजना संचालकांच्या संघटना आणि २००३ मध्ये उभ्या राहिलेल्या 'व्हॉइसेस फॉर नॅशनल सर्व्हिस'सारख्या आघाड्या करतात.

नियमाच्या चौकटीत बसणारा आणखी एक मार्ग आहे. खासदारालाच शाळेत किंवा वृद्धाच्या घरी काम बघायला बोलवायचं. तिथे कोणी काही मागत नाही. जे दाखवायचं, ते काम दाखवतं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांचे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा तत्त्वाचा. सेवा ही मनातून व्हावी, तिला केंद्र सरकारचा पैसा कशाला? हे काम चर्च, स्थानिक संस्था आणि राज्यांनी करावं, असं अनेक रिपब्लिकन नेते मानतात.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. २०१७ पासून सलग अनेक वर्षं लेखापरीक्षकांना या संस्थेच्या आर्थिक ताळेबंदांवर स्वच्छ मत देता आलेलं नाही. बंद करण्याची मागणी करणारे हीच गोष्ट पुढे करतात.

समर्थकांचं उत्तर असं की, हिशेब सुधारा, पण त्याची शिक्षा आजींना देऊ नका. तिन्ही ज्येष्ठ योजना मिळून वर्षाला सुमारे २३.७ कोटी डॉलर लागतात. केंद्र सरकारच्या एकूण खर्चात हे प्रमाण १०० डॉलरमागे अर्ध्या सेंटहूनही कमी आहे. या रकमेत एक लाखाहून अधिक ज्येष्ठ काम करतात.

पण 'खर्च कमी आहे' हा युक्तिवाद दुधारी आहे. ज्या योजनेचा खर्च कमी, तिच्या बंद होण्याची बातमीही छोटीच होते.

२०२५ ने काय शिकवलं?

एप्रिल २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्याशी जोडल्या गेलेल्या 'डोज' विभागाच्या कपातीत अमेरिकोरचे बहुतांश कर्मचारी रजेवर पाठवले गेले आणि जवळपास ४० कोटी डॉलरची अनुदानं रद्द झाली. मुख्य फटका तरुण स्वयंसेवकांच्या कार्यक्रमांना बसला. पण ज्येष्ठांच्या योजनाही हीच संस्था चालवते. शिवाय डोनाल्ड ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ही संपूर्ण संस्थाच बंद करावी, असं सुचवलं. आपल्या पहिल्या कार्यकाळातही ट्रम्प यांनी तसे प्रस्ताव ठेवले होते. तेव्हा काँग्रेसने ते मान्य केले नव्हते.

२४ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी न्यायालयात गेले. ५ जूनला मेरीलँडमधल्या केंद्रीय न्यायाधीश डेबोरा बोर्डमन यांनी या राज्यांमधली रद्द केलेली अनुदानं पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश दिला. निकालाचा आधार लक्षात घेण्यासारखा आहे. सेवेत मोठे बदल करायचे असतील, तर आधी जाहीर सूचना देऊन लोकांची मतं मागवावी लागतील, अशी अट काँग्रेसने खर्चाच्या कायद्यात घातली होती. प्रशासनाने ती पाळली नाही, असं न्यायालयाचं प्राथमिक मत होतं.

म्हणजे खर्चाच्या विधेयकात फक्त आकडे नसतात. त्यातलं एखादं साधं वाटणारं वाक्यही संकटाच्या वेळी ढाल बनू शकतं. ते वाक्य तिथे राहील की नाही, हेही दरवर्षी नव्याने ठरतं.

पुढे काय पाहायचं?

'सर्व्ह अमेरिका' कायद्यातली निधीची मुदत २०१४ मध्येच संपली. तिचं नूतनीकरण झालेलं नाही. काँग्रेस तरीही दरवर्षी पैसे देते, पण पुढच्या वर्षी ते मिळतीलच, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नवा दीर्घ मुदतीचा कायदा झाला, तर योजनांना राजकीय बळ मिळेल. तरी रक्कम वर्षागणिकच ठरेल.

त्यामुळे दर वर्षी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. वसंतातल्या संयुक्त पत्रावर दोन्ही पक्षांच्या किती खासदारांच्या सह्या आहेत. उन्हाळ्यात दोन्ही सभागृहांच्या खर्च समित्या आपापल्या मसुद्यात कोणता आकडा लिहितात. आणि १ ऑक्टोबरपर्यंत त्यावर एकमत होतं का. झालं नाही, तर बहुतेक वेळा तात्पुरत्या मंजुरीवर दिवस ढकलले जातात. अशा काळात स्थानिक संस्था नवे स्वयंसेवक घ्यायला कचरतात.

शाळेत वाचन घेणाऱ्या आजींना यातलं काहीच ठरवता येत नाही. पण त्यांचा मतदारसंघ कोणता, त्यांचा खासदार कोण आणि त्याच्या कार्यालयाचा फोन नंबर काय, हे त्यांना माहीत असतं. आणि गेली अनेक वर्षं या योजना तग धरून आहेत, त्यात त्या फोन नंबरचा वाटा मोठा आहे.