आवाजाचे मुंडकार

पोळ्याला विदर्भात झडत्या म्हणतात. आपल्या गोव्यात हा प्रकार नाही, म्हणून थोडे सांगतो. सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की एकेक शेतकरी पुढे होऊन खड्या आवाजात यमक जुळवलेली कडवी म्हणतो. त्यात महादेव-पार्वती येतात, सावकार येतो, सरकारही सुटत नाही. शेवटी सगळे मिळून 'हर हर महादेव'चा गजर करतात.

माझी मावसबहीण सौंसरला दिलेली. तिथेही झडत्या होतात, फक्त राज्य मध्य प्रदेश. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मागे राहिले. २०२३ मध्ये या भागाचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हे चालूच आहे. गोमंतकीय वाचकाला हे दुखणे समजावून सांगायला नको.

भाचा हौशी. पाच-सहा पोळे गावोगाव फिरून त्याने झडत्या ध्वनिमुद्रित केल्या आणि घरच्या संगणकावर साफसूफ केल्या. कशावर? एका महागड्या सॉफ्टवेअरच्या कुलूप तोडलेल्या प्रतीवर, जी कुणीतरी पेनड्राइव्हवर दिली होती. संगणक बसला, नवा आला, त्यावर ती प्रत चालेना. प्रोजेक्टच्या फायली आहेत, पण उघडत नाहीत. मूळ ध्वनिमुद्रण जागा वाचवायला पुसून टाकलेले! उरल्या त्या मोबाइलवरून फिरून फिरून चिरडलेल्या एमपी-थ्री. एका म्हाताऱ्या झडतीवाल्याचा आवाज असा गेला. आता तो माणूसही नाही.

मी त्याला आधीच खुल्या सॉफ्टवेअरबद्दल सांगितले होते. तेव्हा उत्तर मिळाले, "मामा, फुकटातल्यावर प्रोफेशनल काम होत नाही." अरे बाबा, तुझी चोरलेली प्रत काय विकतची होती? तीही फुकटच होती. मुक्त मात्र नव्हती.

हा गोंधळ आपल्याकडेही आहे. आर्डोर हे बहुट्रॅक ध्वनिमुद्रणाचे खुले सॉफ्टवेअर. त्याची तयार प्रत उतरवून घ्यायला पैसे मागतात, पण मूळ कोड सर्वांना खुला आहे. म्हणजे मुक्त वस्तू फुकट असेलच असे नाही, आणि फुकट वस्तू मुक्त असतेच असेही नाही.

आणि 'प्रोफेशनल काम' म्हणजे तरी काय? झडतीच्या ध्वनिमुद्रणात वारा, गर्दी आणि विजेची पन्नास हर्ट्झची घरघर असते. वारा आणि घरघर हाय-पास फिल्टरने खाली बसवायची. नुसत्या गोंगाटाचा छोटा तुकडा नमुना म्हणून देऊन नॉइज रिडक्शन बेताने वापरायचे. जास्त वापरले तर माणूस पाण्याखालून बोलतोय असे वाटते. मग लिमिटरने टोके आवरायची आणि सगळ्या झडत्या एका लाउडनेसवर आणायच्या. घरगुती मास्टरिंग ते एवढेच. हे सगळे २००० साली आलेल्या ऑडासिटीत होते. तिच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. दोष नाहीत असे नाही. इफेक्ट लावल्यावर जागच्या जागी बदलून पाहण्याची सोय यायला २०२२ साल उजाडले. पण झडती काही त्यावाचून अडत नाही.

"उद्या ऑडासिटीच कुणी विकत घेतली तर?" अहो, घेतलीच की! २०२१ मध्ये म्युझ ग्रुपने ती ताब्यात घेतली आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून रान पेटले. लोकांनी काय केले? खुला कोड उचलून टेनॅसिटी नावाने वेगळी चूल मांडली. २००३ मध्ये अडोबीने कूल एडिट प्रो विकत घेऊन त्याचे ऑडिशन केले, तेव्हा वापरणाऱ्यांच्या हातात असा कोड नव्हता. २०१३ पासून अडोबीच्या नव्या आवृत्त्या भाड्यावर गेल्या. भाडे थकले की दार बंद.

आपल्या भाषेत याला मुंडकारपण म्हणतात. घर आपण बांधायचे, जमीन भाटकाराची. गोव्यातल्या मुंडकाराला निदान १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला आवाज ठेवणाऱ्याला कोणता कायदा वाचवणार? आणि चोरीच्या प्रतीत ठेवणाऱ्याने तर तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची?

ज्या मराठीच्या पाठीशी राज्य उभे नाही, तिने आपली दौलत दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नये. हे सौंसरला जितके लागू, तितकेच आपल्या जत्रेतल्या नाटकांच्या कॅसेटींना. त्या कपाटातून काढा, ऑडासिटीत उतरवा आणि मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. त्यात आवाजाचा कणही गळत नाही, जागा वेव्हपेक्षा कमी लागते आणि ते स्वरूपही खुले आहे. दोन ठिकाणी ठेवा. साफसफाई नंतर करा, आणि ती प्रतीवर करा. मुळाला हात लावू नका.

यंदाच्या पोळ्याला भाचा पुन्हा निघणार आहे. या खेपेला मामाचे ऐकतो म्हणालाय. पण तो म्हातारा काही पुन्हा तोरणाखाली येणार नाही.